पुढचा नंबर पोपटचा

...सहा सेकंद हो! फक्त सहा सेकंद! आणि त्या सहा सेकंदांत माझे आठ महिने गेले, आणि तुम्ही वर मलाच विचारताय, पदूभाऊ, चेहरा का असा? मग कसा असणार? तुमचा एखादा दोस्त आठ महिन्यांपूर्वी गेला आणि तरी त्याचं मरायचं बाकी राहिलं, असं झालंय का कधी तुमच्या बाबतीत? नाही ना? मग बसा. टाकी भरायला अजून पाऊण तास आहे, पंप चालू आहे, कुठे जाताय? आणि जे सांगणार आहे ते माझ्या डायरीत नाही. माझ्या डायरीत नाही असं काही गेल्या सव्वीस वर्षांत झालेलं नाही, म्हणून तर ते असं डिवचतंय...

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी कळंबच्या नळपाण्याचा हा पंप चालवतोय आणि सव्वीस वर्षं रोज लिहितोय. पंप सुरू सहा दहा. बंद सात पाच. दाब ठीक. तारेवर खंड्या, एकटा. असं सगळं! आणि खाडाखोड नाही. चुकलं तर खाली नवीन ओळीत 'वरचं चुकलं' असं लिहायचं, पण खोडायचं नाही. असा माणूस मी. आता या माणसानं... थांबा, आधी खेळ सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

पोपट माझा लहानपणापासूनचा दोस्त. टेंपो चालवायचा, इथल्या एका रिसॉर्टला भाज्या, गाद्या, खुर्च्या पोचवायचा, आणि त्याची पोरगी संजना तिथेच काउंटरला. चार वर्षांपूर्वी पावसात पुण्याची मंडळी आली, रस्ता बंद झाला, पाच दिवस अडकली. पाच दिवस काय केलं त्यांनी? पोहले नाहीत, नाचले नाहीत, टेबलाभोवती बसून फासे टाकत होते आणि ओरडत होते, 'मेला! मेला!' संजना चहा द्यायला गेली ती तिथेच बसली. जाताना त्यांनी तिला एक जुनं पुस्तक दिलं आणि फाशांची एक पिशवी. आपले सोंगट्यांचे फासे नव्हेत हो! चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, आणि सगळ्यांचा बाप तो वीस बाजूंचा. लाल. गुळगुळीत. पिकल्या बोरासारखा.

पुस्तक इंग्रजी, तीनशे वीस पानं. मी म्हटलं, आण इकडे. दहावी नापास आहे मी, पण घरात डिक्शनरी आहे. एक अख्खा पावसाळा इथे पंपावर बसून शब्द न् शब्द मराठीत उतरवला, दोनशे पानी तीन वह्या! तेव्हापासून नियमाचा शेवटचा शब्द माझा. मी खेळत नाही, मी लिहितो. कुणाला किती लागलं, कुणाचा जीव किती उरला, पुढचा नंबर कुणाचा. खेळायला तिघं. पोपट, लढवय्या. कमलेश, तो नर्सरीवाला, जादूगार. आणि रुचिता, आपल्या आरोग्य केंद्राची आशाताई, ती खेळातसुद्धा जखमा बऱ्या करणारी; म्हणाली, "दुसरं काय जमनार हाय मला?" गोष्ट सांगायची संजनानं आणि समोरचे सगळे राक्षस तिचे. रविवारी दुपारी, पोपटच्या ओटीवर, रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांवर एक जुनं दार आडवं टाकून.

आणि खेळात प्रत्येकानं वेगळं नाव घ्यायचं असतं. कमलेशनं घेतलं अग्निकेतू. रुचितानं वनदेवी. पोपटला विचारलं, तुझ्या लढवय्याचं नाव काय? म्हणतो, "पोपट." अरे, ते तुझं झालं, त्याचं काय? "पोपटच! दुसरं नाव कशाला? उद्या कुनी हाक मारली न मला नाय कळलं, तर मरायचो फुकट." झालं! त्यामुळे माझ्या वहीत काय लिहिलेलं आहे? 'पोपटला बारा लागले.' 'पोपटचा जीव सहा.' 'पोपट पडला.' आता वाचा ती पानं. आत्ता, तो गेल्यावर. हिंमत असेल तर वाचा!

लढाई म्हटल्यावर तुम्हाला वाटेल तलवारी, धूर, पळापळ. कसलं काय! रांग असते. रेशनच्या दुकानासारखी रांग! लढाई सुरू झाली की प्रत्येकानं वीसचा फासा टाकायचा, मोठा आकडा तो पुढे, लहान तो मागे, राक्षससुद्धा रांगेत, त्यालाही वशिला नाही. आपला नंबर आला की थोडं चालायचं आणि एक काम करायचं, एकच. मारायचं तर मार, मंत्र म्हणायचा तर म्हण. मारायचं म्हणजे पुन्हा फासा, समोरच्याच्या चिलखताचा आकडा गाठला तर लागलं, नाही गाठला तर हवेत. लागलं तर आणखी एक फासा, किती लागलं त्याचा, तेवढं त्याच्या जिवातून वजा. सगळ्यांचं एकेकदा झालं की एक फेरी. आणि एक फेरी म्हणजे किती वेळ? माझ्या दुसऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत आहे. सहा सेकंद!

सहा सेकंद हो! आणि कमलेशचा नंबर आला की... "थांबा हां. म्हणजे मी जर इथून आग टाकली... नको, रुचिताताई मधे येते... किती पावलं आहे हे, पदूदादा?... मागच्या फेरीत मी काय केलं होतं?... बरं, आग नको, बर्फ..." तेवढ्यात फोन, "हां बोला, मोगरा आहे, पण कुंडी वेगळी घ्यावी लागेल", फोन ठेवून पुन्हा "थांबा हां!" चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटांत इथे गावाची टाकी भरत येते! आणि तिकडे राक्षसानं हात उगारलाय आणि तो आपला तसाच उभा, बिचारा, हात भरून आला असेल त्याचा.

पोपटचं उलटं. त्याला दम नाही. दर दोन मिनिटांनी, "आला काय रं माजा नंबर?" नाही आला. "आला काय रं?" आला बाबा, आला! मग फासा पँटीवर घासणार, डाव्या मांडीवर, दोनदा. मग "हाना!" म्हणून स्वतःच स्वतःला हुकूम देणार, आणि असा फेकणार... असा... की तो दारावर राहीलच कसा? दाराचा माझ्याकडचा कोपरा जरा उतरता. टक, टक, टक, टक... आणि खाली, माझ्या पायाशी. दर वेळी! आणि दर वेळी भांडण!

कारण नियम आहे. खाली पडलेला फासा धरायचा नाही, पुन्हा टाकायचा. हा नियम पुस्तकातला नाही हो. हा माझा. पहिल्याच महिन्यात मी घातला. का? तर खाली पडलेला फासा फक्त मला दिसतो, मीच वाकतो, मीच आकडा सांगतो. उद्या कुणाच्या मनात शंका नको! बघा, काय ती दूरदृष्टी... बघा तुम्ही.

तर जानेवारीचा दुसरा रविवार. विमलवैनी, म्हणजे पोपटची बायको, माहेरी गेलेल्या, शेलूला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लढाई होती हिरव्याशी. पुस्तकात त्या राक्षसाचं नाव वेगळं आहे, पण पोपट म्हणायचा 'तो हिरवा', मग सगळ्यांचाच हिरवा झाला. दारावर खडूनं दरी काढलेली, दरीवर तुटका पूल, हिरवा म्हणजे बाटलीचं हिरवं झाकण, कमलेश म्हणजे शर्टाचं बटण, रुचिता औषधाच्या बाटलीचं बूच, आणि पोपट म्हणजे त्याच्या टेंपोचा जुना स्पार्क प्लग. हिरव्यानं पोपटला हाणला, सतरा लागले, पोपटचा जीव शून्य. स्पार्क प्लग आडवा.

आता शून्य म्हणजे मेला का? नाही! इथेच तर सगळं अडलंय! शून्य म्हणजे पडला. मधेच. ना इकडे, ना तिकडे. मग आपला नंबर आला की दुसरं काही करायचं नाही, फक्त फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले, चांगला. दहाच्या खाली, वाईट. तीन चांगले आधी झाले तर वाचला, तीन वाईट आधी झाले तर गेला. आणि सरळ वीस पडले, तर ताडकन उठून उभा! जीव एक, पण उभा.

पोपटनं पहिल्या फेरीत टाकले चौदा, चांगला. मग सहा, वाईट. मग अकरा, चांगला. चौथ्या फेरीत घासला मांडीवर, "हाना!", आणि टक, टक, टक... खाली. मी वाकलो.

वीस.

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगठ्याला चिकटून. लाल फासा, वर पांढरे वीस. मी वर आलो आणि काय म्हणालो असेन? "वीस पडलेत. पण खाली पडला. धरायचा नाही."

"आरं पदू! तूच म्हनतोस न वीस!"

नियम आहे, म्हटलं.

"खाली पडला म्हंजे काय खोटा झाला? वीस ते वीस! तू लय नियमाचा हायस रं!"

नियम सगळ्यांना सारखा, पोपट. टाक पुन्हा. टाकला. तीन. वाईट. म्हणजे दोन चांगले, दोन वाईट, आणि आता एकच फासा, इकडे नाहीतर तिकडे. मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात: 'पोपट – २०, खाली पडला, धरला नाही. पुन्हा – ३.' मग कमलेशची चाळीस मिनिटं. मग रुचिता. ती तोवर पूल ओलांडून पोपटजवळ पोचलेली, तिनं नुसता हात लावला असता तरी तो उठला असता. पण म्हणाली, "आता हिरव्यात जीवच किती उरलाय? आधी याला लोळवते, मंग पोपटदादाला निवांत उठवते. एका फेरीनं काय होतंय?" मारला. हवेत. मग हिरवा, तो कमलेशच्या मागे. फेरी संपली. मी मोठ्यानं वाचलं, "पुढचा नंबर, पोपट."

आणि पोपटचा फोन वाजला. रिसॉर्टला गाद्या कमी पडल्या, आत्ता हव्यात. मी म्हटलं, अरे, फासा टाकून जा, एक फासा! "नको. घाईत नाय टाकायचा. जगन्यामरन्याचा हाय." टेंपो सुरू केला, वळवला, आणि खिडकीतून मान काढून काय ओरडला? "पदू! माजा नंबर कुनाला देऊ नको रं!"

बुधवारी गेला. गाद्या उतरवता उतरवता 'दम लागला' म्हणून खाली टेकला, तो टेकलाच. रुचिता धावत पोचली, खरीखुरी रुचिता, पिशवी घेऊन. तिनं छाती दाबली, सगळं केलं. पण इथे कुठले तीन चांगले नि तीन वाईट? जीव जायला किती वेळ लागला कुणी मोजलं नाही. सहा सेकंदसुद्धा नसतील.

मग दहावा. नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. बसलेत समोर झाडावर, सात होते, मोजले मी, बघताहेत आणि येत नाहीत. भाऊबंद एकेक जण पुढे. "संजनाचं लगीन आमी लावून देऊ रं!" नाही. "विमलला कदी अंतर देनार नाय!" नाही. "टेंपो घरातच ठेवू!" नाही. अकरा वाजले, बारा वाजले, भटजी घड्याळ बघायला लागले. आणि मला माहीत होतं हो! तिथे उभ्या असलेल्या शंभर माणसांत मला एकट्याला माहीत होतं काय अडलंय! पण म्हणणार कसं? चारचौघांत, नदीवर, फाशाचं? शेवटी गेलो पुढे, नाक खाजवल्यासारखा हात तोंडावर धरला आणि हळूच म्हणालो, "पोपट, तुझा नंबर मी कुणाला देत नाही. तू टाकल्याशिवाय फेरी पुढे जाणार नाही."

हात खाली आलासुद्धा नव्हता. झप्प! सातच्या सात!

सगळे माझ्याभोवती, "काय बोललास रं पदू? काय बोललास?" मी म्हटलं, काही नाही, नाकात धूर गेला.

आता झाली ना पंचाईत! मी कबूल करून बसलो. फासा टाकायचा कुणी? पोपटनं. पोपट कुठे? म्हणजे फेरी थांबली. सहा सेकंद हो! त्या सहा सेकंदांत शिमगा झाला, आंबे संपले, लावण्या झाल्या, आणि तिकडे हिरवा हात उगारून उभा, कमलेश पळता पळता उभा, आणि पोपट आडवा. कमलेश म्हणाला, "पदूदादा, आपण दुसरीच लढाई सुरू करू ना." दुसरी कशी? पहिल्या लढाईतली वेळच पुढे सरकली नाही, दुसरी येणार कुठून? रुचिता तर त्या आळीनं यायचीच बंद झाली, लांबून वळसा घालून जायची, एकदा वाटेत गाठलं तर म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी हात लावला असता तर..." मी म्हटलं, अगं, तो खेळ होता! म्हणाली, "मला माहीत हाय खेळ होता." आणि रडायला लागली. आणि इकडे? माझ्या अंगठ्याला वीस चिकटलेले.

आणि ते दार तसंच ओटीवर! कुणी हलवलं नाही. विमलवैनी रोज त्याच्या भोवतीनं झाडायच्या. नुसतं झाडायच्या नाहीत. एकेक बटण, एकेक बूच उचलून पुसायच्या आणि होतं तिथेच ठेवायच्या, खडूची रेघसुद्धा पुसू न देता. मी रोज कामावरून परतताना बघायचो. एक दिवस बघतो तर काय, स्पार्क प्लग उभा! वैनी आतून आल्या, पदराला हात पुसत.

"मी ठेवला उभा, भावजी. रोज बगते न, आडवा बरा नाय दिसत."

आता काय सांगू? उभा राहायला वीस पडायला लागतात, वैनी? मी हात पुढे केला आणि हळूच... पुन्हा आडवा केला. माझ्या हातानं. त्या बघत होत्या. "बरं," म्हणाल्या, "तुमच्या वहीत असंल तसं." आणि आत गेल्या. ही गोष्ट मी लिहिली आहे, तारीख आहे, सतरा एप्रिल.

आणि मग हे टक टक सुरू झालं. इथे. पंपात. सकाळी साडेसहाला ऐन दाब चढत असताना, टक, टक, टक, टक... आणि थांबायचं. म्हटलं व्हॉल्व्ह असेल. व्हॉल्व्ह बदलला. टक, टक, टक. म्हटलं बेअरिंग. मिस्त्री आणला, त्यानं अर्धा दिवस कान लावला, म्हणाला, "पदूभाऊ, काय बी वाजत नाय हितं." टक, टक, टक, टक... आणि प्रत्येक वेळी, तुम्हाला सांगतो, प्रत्येक वेळी मी खाली पायाशी बघायचो! सवय हो! आणि शेवटच्या टकनंतर जी शांतता असते ना, त्यात स्पष्ट वाटायचं, आता विचारणार. आला काय रं माजा नंबर? मी डायरीत लिहायचो, 'आवाज आहे. कारण कळलं नाही.' खोटं! पण ते अर्धंच खोटं होतं. पुरं खोटं पुढे आहे.

सप्टेंबर आला. संजनाला लोणावळ्याच्या हॉटेलात नोकरी लागली, सोमवारी जायचं, आणि आधल्या रविवारी तिनं आम्हा तिघांना बोलावून घेतलं. दाराच्या पलीकडे बसली. डोळे कोरडे, बापासारखी हनुवटी. "पदूकाका, मी पप्पांना असं अर्ध्यात टाकून नाही जाणार. आज टाकायचा. जे पडेल ते."

मी म्हटलं, बाळा, टाकायला पाहिजेच, पण टाकणार कोण? मी शब्द देऊन बसलोय. मग सांगावं लागलं सगळं, नदीवरचं. कमलेश "बाप रे" म्हणाला. रुचिता हळूच म्हणाली, "म्हंजे कावळा त्याच्यावर शिवला व्हय?" आणि वैनी, चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"पोपटशिवाय कुनी टाकायचा नाय, आसं बोललात?"

हो, वैनी.

"मंग आना हिकडं."

वैनी, पण...

"भावजी, सव्वीस वरसं त्यांचं सगळं मी केलंय. लायसनचा फॉरम मी भरला, बीपीची गोळी मी हातावर ठेवली, बटन लावायला शर्ट मीच अंगातनं काढायची. त्यांचा नंबर न माजा नंबर येगळा कदी होता? आना तो फासा!"

आता बोला! माझ्या तिन्ही वह्यांत याला उत्तर नाही. मी फासा दिला. माझ्याच खणात होता आठ महिने, रुमालात. संजना म्हणाली, "एक मिनिट. आई, तू टाकताना तो खाली पडेल, सगळ्यांचाच पडतो. आज खाली पडला तरी धरायचा. पप्पा दर वेळी हेच म्हणायचे ना? मग त्यांच्या या एका फाशाला त्यांचा नियम. चालेल, काका?"

चालेल? अहो, मी सगळ्यांच्या आधी हात वर केला! आठ महिने ते वीस माझ्या अंगठ्याला टोचत होते. म्हटलं, घे पोपट, हा तुझा नियम, उशिरा का होईना. कमलेश हो म्हणाला, रुचिता हो म्हणाली. वैनींनी विचारलं, "किती पडाय पायजे?" दहा, वैनी. दहा किंवा वर. "न दहाच्या खाली पडलं तर?" रुचितानं मान खाली घातली. "बरं," म्हणाल्या.

फासा हातात घेतला. घासला. साडीवर, डाव्या मांडीवर, दोनदा. कुणी शिकवलं हो? त्या कधी खेळायला बसल्या नव्हत्या, दर रविवारी आत कांदे चिरत असायच्या! "हाना," म्हणाल्या, अगदी हळू, आणि फेकला.

टक, टक, टक, टक... खाली.

मी वाकलो.

नऊ.

तुम्हाला सांगतो, मी नीट बघितलं. चष्मा पुसून बघितलं. म्हटलं, उलटा असेल, सहा असेल. पण नऊ काय नि सहा काय, दोन्हीकडून मरणच! नऊच होते. एकानं हुकलं! आणि आता विनोद बघा, माझा नियम असता तर? खाली पडला, धरायचा नाही, पुन्हा टाका! सुटलो असतो सगळे! पण नाही. आज पोपटचा नियम. जन्मभर ज्याच्यासाठी भांडला तो नियम एकदा मिळाला, आणि त्यानंच... मी दाराखाली वाकलेला, वर चार माणसं श्वास धरून, आणि तिथे खाली, अंधारात, फक्त मी आणि तो फासा. तिथून वैनींचे पाय दिसत होते. टाचा उचललेल्या. लहान मुलं खिडकीतून बघताना उचलतात तशा.

"भावजी? किती आलं?"

फासा उचलला. मुठीत घेतला. वर आलो. आणि म्हणालो,

"वीस."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! आणि तेही काय, दहा म्हणायचं, बारा म्हणायचं, वाचला असता गपगुमान! पण तोंडातून आलं वीस. आठ महिने तोच आकडा तोंडात होता ना!

कमलेश उडालाच. रुचितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संजना माझ्याकडे बघत राहिली. फक्त बघत राहिली हो, काही विचारलं नाही. पण ती काउंटरवर बसलेली पोरगी आहे, रोज शंभर माणसांची तोंडं बघते. मग म्हणाली, "पप्पा उठले." वैनी पुढे झाल्या, स्पार्क प्लग उचलला, पदरानं पुसला आणि उभा केला. यावेळी माझ्याकडे बघून. मी हात मागे घेतला. "जीव किती हाय म्हनालात?" एक, वैनी. "एक तर एक."

मी लिहिलं. 'पोपट – २०. खाली पडला. धरला.' खाडाखोड नाही, बाकी ठीक.

आणि मला वाटलं, झालं, मिटलं. मिटतंय कसलं? फेरी पुढे सरकली ना! कमलेश, "थांबा हां", चाळीस मिनिटं. मग रुचिता, ती म्हणाली, "आता मी हिरव्याकडं बगनार बी नाय," आणि सरळ पोपटला हात लावला, आठ बाजूंचा फासा टाकला, किती जीव वाढला त्याचा. आठ. एक होता, आठ मिळाले.

"काका, लिहा," संजना म्हणाली. "पप्पांचा जीव नऊ."

तुम्हाला सांगतो, पेन कागदावर टेकलं आणि हलेना. मी जो आकडा मुठीत दाबून वर आलो होतो, तो गेला, फिरला आणि बरोबर पोपटच्या नावापुढे येऊन बसला. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. 'पोपट – ९.'

तेव्हापासून पंपातली टक टक बंद झाली आहे. तुम्ही म्हणाल, बरं झालं. बरं? ती होती तेव्हा निदान कळायचं तरी, कुठे आहे ते! आता साडेसहाला मी कान लावून बसतो आणि काही ऐकू येत नाही. रोज 'वरचं चुकलं' लिहायला वही उघडतो. रोज पेनचं टोपण काढतो. आणि मग वैनींच्या त्या टाचा दिसतात, की टोपण परत.

आणि खेळ चालू आहे! संजना लोणावळ्याहून फोनवर, फोन दारावर लोट्याला टेकवून ठेवतो, आणि पोपटच्या जागी वैनी. दम नाही अजिबात. "आला काय हो भावजी, आमचा नंबर?" नाही आला. "आला काय?"

गेल्या रविवारी आला. हिरव्याच्या अंगात तीन जीव उरलेले, वैनींनी घासला, "हाना!", टक, टक, टक, टक, आणि खाली. मी वाकलो. तुम्हाला सांगतो, काय असावं? वीस! खरोखरचे वीस! लाल फाशावर पांढरे, अंगठ्याला चिकटून, जानेवारीत होते तसे!

वर आलो. चौघं बघताहेत, त्यातली एक फोनमधून. आता मी पुन्हा 'खाली पडला आणि वीस' म्हटलं असतं तर कमलेश स्वतः वाकला असता, म्हणाला असता, बघू दे जरा. आणि बघितलं असतं की खरेच वीस आहेत. आणि मग त्याला मागचे वीस आठवले असते, जे कुणीच बघितले नव्हते... नाही हो. नाही धजलो. एवढंच म्हणालो, "खाली पडला. ती सूट त्या एका फाशाला होती. धरायचा नाही."

वैनी माझ्याकडे बघत राहिल्या. मान जरा तिरकी करून. आणि म्हणाल्या, त्या, ज्या त्या दिवशी शेलूला होत्या, म्हणाल्या, "भावजी, तुमी लय नियमाचे हाय."

मी म्हटलं, टाका पुन्हा, वैनी.

टाकला. तीन.

लिहिलं. काय करणार? ...चला, टाकी भरली. बंद, सात पाच.